पाच टेक, एक गाणं: आवाजातले जोड लपवायचे कसे

जानेवारीत आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं भावगीत रेकॉर्ड केलं. माझी खोली सांगलीत विश्रामबागेत, रस्त्यापासून फार आत नाही. पाच टेक झाले, म्हणजे गाणं पाच वेळा म्हणून घेतलं. पहिल्या टेकला मुखडा असा लागला की मी कानावरचा हेडफोन नीट करायलाही हललो नाही. आणि ऐन अंतऱ्यात खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या आणि वर ठणाणा वाजणारी गाणी. गळीत हंगामात आमच्याकडं हे चालायचंच. दुसऱ्या टेकला अंतरा छान, पण मुखड्यातला जीव गेलेला. तिसऱ्याला शब्द चुकला. चौथा सुरात चोख, पण पाठ केल्यासारखा. पाचव्याला शेवटची ओळ अशी आली की काकूंना स्वतःलाच हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "सगळं पुसून परत म्हणू का रे?" म्हटलं, काकू, गाणं झालंय. फक्त पाच तुकड्यांत आहे.

ते तुकडे एकत्र करण्याला स्टुडिओत कंपिंग म्हणतात. यात फसवाफसवी आहे असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. टेपच्या जमान्यातही हे होतंच, फक्त माउसच्या जागी ब्लेड होतं. पाव इंच रुंदीची टेप सरळ न कापता ४५ अंशांत तिरकी कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. तिरकी का, तर एक तुकडा संपता संपता दुसरा हळूहळू सुरू व्हावा म्हणून. सेकंदाला १५ इंच या वेगानं टेप पळत असेल, तर तो तिरका काप जवळजवळ १७ मिलिसेकंदांचा होतो. आज आपण क्रॉसफेड म्हणून जे करतो ते हेच.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ख्याल असा जोडू नका. बढत, म्हणजे रागाचा विस्तार, एका श्वासातून दुसऱ्यात जाते, ती टेक क्रमांक दोनमधून चारमध्ये नेता येत नाही. भावगीत, भजन, आरती, जिंगल, नाटकाचं आधी मुद्रित केलेलं गाणं यांत ओळ ठरलेली, चाल ठरलेली. तिथं खुशाल जोडा.

जोड लपतो तो रेकॉर्डिंगच्या वेळी

नवीन माणूस विचारतो, "सॉफ्टवेअर कुठलं?" ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर स्वस्त आहे, दोन्हींत हे काम होतं. खरा प्रश्न वेगळा आहे. पाचही टेक एकाच खोलीत, एकाच जागेवरून, एकाच आवाजात झालेत का? तसं नसेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ठिगळ दिसणारच.

माइक आणि तोंड यांच्यात एक वीत अंतर ठेवा. माझा अनुभव असा की गायक पहिल्या टेकला लांब असतो आणि तिसऱ्यापर्यंत माइकला चिकटतो. आपण वापरतो तसला एका दिशेनं ऐकणारा माइक जवळ गेलं की खर्ज फुगवतो. मग एक ओळ पातळ आणि पुढची घुमारदार. म्हणून पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) माइकपासून ठरलेल्या अंतरावर घट्ट बसवा आणि गायकाला सांगा, "नाक या जाळीच्या पुढं जायचं नाही." पायाशी चिकटपट्टीची खूण करा. ओळींचा कागद स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला लावा. हातात कागद दिला की मान खाली जाते आणि त्याबरोबर आवाजही.

गायकाच्या पाठीमागं जाडजूड वाकळ टांगा. समोर नाही, पाठीमागं. माइक गायकाकडं तोंड करून असतो, त्यामुळं भिंतीवरून परतणारा आवाज त्याला गायकाच्या मागूनच ऐकू येतो. आमच्या आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळ मी दहा वर्षं वापरतोय. बाजारातल्या पातळ फोमपेक्षा ती कितीतरी चांगलं काम करते.

पंखा बंद. मे महिन्यात सांगलीत हे सांगणं म्हणजे वैर घेणं, पण पर्याय नाही. पंख्याचा आवाज एकसारखा असतो तर चाललं असतं. तो फिरतो, कमीजास्त होतो आणि जोडाच्या जागी नेमका उघडा पडतो. दोन टेकच्या मध्ये लावा, टेकच्या आधी बंद करा. फ्रीज आणि इन्व्हर्टर शेजारच्या खोलीत असले तरी एकदा हेडफोन लावून ऐका.

गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) एकदा ठरवला की हात लावायचा नाही. सगळ्यात मोठ्या ओळीला मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला साडेआठ एमबीच्या जवळपास जागा लागते, तेव्हा कंजुषी नको. शेवटी सगळ्यांना गप्प करून खोलीची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करा. ही शांतता पुढं रिकाम्या जागा भरायला लागते.

आता तंबोरा. मिरज आमच्या हाकेच्या अंतरावर. तिथं पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनतात, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. साहजिकच इथल्या माणसाला खरा तंबोरा मांडीवर घेऊन गावंसं वाटतं. मैफलीत जरूर घ्या. पण जोडायच्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा आवाजाच्या माइकवर आला की संपलं. तुम्ही ओळ कापाल, पण जवारीचा झंकार अर्ध्यात तुटेल आणि तो तुटलेला सगळ्यांना ऐकू येईल. शिवाय लाकूड आणि तारा हवेप्रमाणं बदलतात. सकाळची काळी चार संध्याकाळी तंतोतंत तीच नसते. म्हणून गाताना तंबोरा फक्त हेडफोनमध्ये, तोही ॲपचा किंवा आधी रेकॉर्ड केलेला. खरा तंबोरा नंतर वेगळ्या ट्रॅकवर, एका सलग टेकमध्ये घ्या. हेडफोन कान झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला तंबोरा आणि ठेका गळून माइकमध्ये जातो.

किती टेक घ्यायचे

पूर्ण गाण्याचे तीन-चार. त्यानंतर आवाज तापतो तसा थकतोही. मग फक्त अडलेल्या ओळी पुन्हा घ्या, पण नुसती ती ओळ नको. मागची अर्धी ओळ म्हणत या, अडलेली ओळ म्हणा, आणि पुढच्या ओळीतले दोन शब्द म्हणूनच थांबा. याचं कारण सोपं आहे. सुटी म्हटलेली ओळ नेहमी ताज्या दमानं, जरा जोरात सुरू होते आणि शेवटी पूर्णविराम दिल्यासारखी संपते. गाण्यात बसवली की ती पाहुण्यासारखी वाटते. मागचंपुढचं म्हणून घेतलं की श्वास जागेवर येतो आणि कापायला दोन्हीकडं माया मिळते. शिंप्यानं शिवणीला ठेवावी तशी.

दुसऱ्या दिवशीचा टेक शक्यतो टाळा. घ्यावाच लागला तर त्याच वेळेला घ्या. सकाळचा जड आवाज आणि रात्रीचा मोकळा आवाज एका ओळीत नांदत नाहीत.

कागद आणि पेन्सिल

संगणकाला हात लावायच्या आधी गाण्याच्या ओळी कागदावर उतरवा, शेजारी टेकचे पाच रकाने आखा. डोळे मिटून प्रत्येक टेक ऐका. पडद्याकडं पाहू नका; वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसला की माणूस कानानं ऐकणं सोडून देतो. प्रत्येक ओळीला एकच खूण: बरोबर, फुली किंवा चांदणी. सुरात किंचित कमी पण भाव असलेली ओळ आणि सुरात चोख पण कोरडी ओळ यांत निवड करायची झाली तर मी पहिली घेतो. सूर थोडा दुरुस्त करता येतो, भाव करता येत नाही.

मग एक टेक पाया म्हणून ठरवा, ज्यात सर्वांत जास्त चांदण्या असतील तो. बाकीच्यांतून फक्त गरजेपुरत्या ओळी घ्या. काकूंच्या गाण्यात पहिला टेक पाया धरला, दुसऱ्यातला अंतरा घेतला, पाचव्यातली शेवटची ओळ घेतली. एवढंच. मला एकेकाळी शब्दाशब्दाला वेगळा टेक लावायची हौस होती. सगळे शब्द उत्तम आणि गाणं मेलेलं, असं व्हायचं. ओळ हे माप धरा, शब्दापर्यंत नाइलाज झाला तरच या.

कुठं कापायचं

लेखातला हा भाग सावकाश वाचा. उदाहरणासाठी मीच एक ओळ रचतो:

कृष्णेकाठी सांज उतरली, घाटावरती दिवे

समजा "कृष्णेकाठी" टेक एकमधलं हवंय आणि "सांज उतरली" दोनमधलं. "ठी"चा ई लांबतो आणि "सां"मध्ये शिरतो. इथं ई चालू असताना कापलं तर दोन टेकमधल्या ईचा सूर, जोर आणि तोंडाचा आकार कुठंच जुळणार नाही. पण "स" म्हणजे नुसता फुत्कार. त्याला सूर नाही. तेव्हा "स"च्या पोटात जोड द्या, दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. श आणि ष यांचंही तसंच.

आता "उतरली" बघा. "उ" झाल्यावर "त" म्हणायला जीभ दातांमागं टेकते आणि क्षणभर आवाज पूर्ण बंद होतो. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिलात तर तिथं सपाट रेघ दिसेल, आणि तिच्या टोकाला "त" फुटल्याचं लहानसं टोक. क, च, ट, त, प आणि त्यांची महाप्राण भावंडं ख, छ, ठ, थ, फ या सगळ्यांच्या आधी ही शांतता मिळते. (फ दातांवर ओठ ठेवून म्हणणारे गायक असतात, त्यांचा फ फुत्काराच्या गटात धरा.) तिथं कापा, टोकाच्या आधी. "पत्ता", "एक्का" अशा दुहेरी उच्चारात तर ही शांतता आणखी लांब असते. ती सोन्याची जागा.

"घाटावरती"चा घ फसवा आहे. ग, ज, ड, द, ब आणि घ, झ, ढ, ध, भ यांत तोंड बंद असतानाही गळ्यात खालचा गुंजारव चालू असतो. पूर्ण शांतता मिळत नाही. सुदैवानं आपल्या ओळीत त्याच्या आधी स्वल्पविराम आहे, म्हणजे गायक श्वास घेणार. श्वासाच्या आधी कापा आणि श्वास पुढच्या तुकड्याबरोबर आणा. श्वास हा नेहमी येणाऱ्या ओळीचा असतो. जोरात म्हणायची ओळ असेल तर श्वासही मोठा घेतलेला असतो. आधीच्या टेकचा श्वास आणि नंतरच्या टेकची ओळ असं केलं की कारण न कळता काहीतरी खटकतं.

म, न, ण, ल, ळ, र, य, व इथं कापू नका. यांत सूर वाहत असतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, चालू असताना तर ब्लेड लांबच ठेवा. आणि "दिवे"चा शेवटचा लांबवलेला ए ज्या टेकमध्ये सुरू झाला त्याच टेकमध्ये संपू द्या.

स्वरावरच कापायची वेळ आलीच तर दोन्ही टेकमधली लाट एकाच दिशेनं चढत असताना मधली रेघ जिथं ओलांडते, तिथं काप जुळवा आणि क्रॉसफेड अगदी छोटा ठेवा. लांब ठेवलात तर दोन काकू एकदम गातायत असं ऐकू येईल.

क्रॉसफेडचा आकार

जोड द्यायचा झाला की काप कितीही लहान असला तरी क्रॉसफेड द्याच, नाहीतर टिक्‌ असा आवाज येतो. शांततेत पाच मिलिसेकंद पुरे. फुत्कारात दहा-वीस. श्वासाच्या किंवा खोलीच्या शांततेत पन्नास-शंभरही चालतात.

ऑडॅसिटीत दोन टेक वरखाली ठेवून टोकं एकमेकांवर आणा, तेवढा भाग निवडा आणि क्रॉसफेड ट्रॅक्स हा इफेक्ट द्या. त्यात कॉन्स्टंट गेन आणि कॉन्स्टंट पॉवर असे प्रकार आहेत. दोन वेगळे टेक जोडताना पॉवरवाला घ्या. वेगळ्या टेकच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नसतात, त्यामुळं गेनवाल्यात मध्यावर आवाज तीनेक डेसिबलनं खचतो. उलट एकाच टेकचे दोन तुकडे तिथल्या तिथं सांधताना गेनवाला बरा, नाहीतर मध्ये फुगवटा येतो. रीपरमध्ये एक क्लिप दुसरीवर सरकवली की क्रॉसफेड आपोआप पडतो, आकार नंतर बदलता येतो.

एकदा मी एका मुलीच्या गाण्यातले सगळे श्वास काढून टाकले. खूप स्वच्छ झालं असं मला वाटलं. तिच्या आईनं ऐकलं आणि म्हणाली, "आमची मुलगी श्वास का घेत नाही?" तेव्हापासून श्वास काढत नाही, फार मोठा असेल तर चार-सहा डेसिबलनं खाली घेतो. ओळींच्या मध्ये पूर्ण रिकामी जागाही ठेवत नाही, रेकॉर्डिंगच्या शेवटी घेतलेली ती तीस सेकंदांची शांतता खाली अंथरतो.

जोड झाले की आधी क्लिपचा गेन हातानं जुळवा, मग ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणं), मग कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज एका पातळीला आणणारा), आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्ब (घुमा), तोही अख्ख्या ट्रॅकवर एकदाच. रिव्हर्ब असलेले टेक कापले की त्यांची शेपटी तुटते. सूर दुरुस्त करणारं यंत्र आपोआप मोडवर सोडू नका. ते पेटीच्या पट्ट्यांवर ओढतं, आणि आपल्या गाण्यातलं आंदोलन, कणस्वर सगळं सपाट करून ठेवतं. एखादा स्वर निवडून हातानं थोडा हलवा, बस.

वेगवेगळ्या गावांतले आवाज

आमच्या ओळखीच्या एका भजनी मंडळातल्या दोघी लेकीकडं पुण्यात, एक इस्लामपुरात (आताचं ईश्वरपूर), बाकीच्या इथं. सगळ्यांनी फोनवर म्हणून पाठवायचं ठरलं. पहिल्या खेपेला जो गोंधळ झाला त्यातून शिकलो ते असं.

आधी सगळ्यांना एकच मार्गदर्शक ट्रॅक द्या: एक आवाज, तंबोरा आणि तालाची टिकटिक, सुरुवातीला मोजून चार टाळ्या. प्रत्येकीनं तो एका फोनवर वायरच्या इअरफोननं ऐकायचा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोहोचतो, दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. इअरफोनमधल्या टाळ्यांबरोबर स्वतः टाळ्या वाजवायच्या. फोन एरोप्लेन मोडवर, खोली लहान, गाद्या-कपड्यांची. आणि फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर आवाज दाबला जातो.

आलेल्या फाइल टाळ्यांवर जुळवा. मग गाण्याचा शेवट तपासा. दोन फोनांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. मिनिटाला दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो आणि लांब भजनात तो साठत जातो. ताणाताणी करू नका. श्वासाच्या जागी कापा, तुकडा सरकवा. एखादी फाइल मुळातच वर चढलेली आणि आखूड वाटली तर ती ४४.१ किलोहर्ट्झची असून ४८ची समजून वाचली जातेय. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठंतरी जातं. सुरांना दोष देण्याआधी हे बघा. मी दिला होता, नंतर माफी मागितली.

समूहातली खरी डोकेदुखी सूर नसून "स" आणि "त" आहे. आठ जणी आठ वेळा "स" म्हणतात आणि ओळीच्या शेवटी तेल तडतडल्यासारखं होतं. एका स्वच्छ उच्चाराच्या बाईला पुढारी करा. तिची व्यंजनं पूर्ण ठेवा, बाकीच्या सातजणींच्या शेवटच्या व्यंजनाआधीच हळूच फेड द्या. स्वर सगळ्यांचे, व्यंजन एकीचं. मग पुढारी मधोमध, बाकीच्या डाव्या-उजव्या बाजूला पसरा आणि सगळ्यांना एकाच रिव्हर्बमध्ये बसवा, म्हणजे पुण्याचं स्वयंपाकघर आणि सांगलीची माडी एका देवळात आल्यासारखी वाटतात. मात्र फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच खोलीचा घुमा असेल तर तो आवाज मागं, हळू ठेवा. घुमा नीट पुसता येत नाही.

तपासणी

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. पडदा बंद करून एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. जिथं कान टवकारतो ती वेळ लिहून ठेवा, थांबू नका. मग घरातल्या कुणाला तरी ऐकवा, काय केलंय ते न सांगता. "इथं जोड कळतो का?" असं विचारलंत तर त्याला सगळीकडं जोड ऐकू येतील.

शेवटचा ट्रॅक एका फाइलमध्ये काढा, पण मूळ पाचही टेक, शांततेची फाइल आणि त्या रकान्यांच्या कागदाचा फोटो हे सगळं त्याच फोल्डरमध्ये ठेवा. काकूंच्या गाण्याच्या मुखड्यातही "सांज" हा शब्द होता. त्यांनी आठ दिवसांनी फोन केला होता: "मुखड्यात मी 'सांज' जरा लांबवलंय का रे?" लांबवलं होतं. तिसऱ्या टेकमध्ये, शब्द चुकायच्या आधी, तेवढं "सांज" नेमकं पडलं होतं. "स"च्या पोटात जोड देऊन बदललं, पाच मिनिटांचं काम.